फुलसिंग नायक आणि भिजलेले गहू

सेनगावपलीकडच्या तांड्यात फुलसिंगाइतका बैलांचा जाणकार दुसरा नव्हता. चाळीस बैल नुसत्या शिट्टीवर कयाधूच्या पाण्यात घालील आणि पलीकडे काढील, असा गडी. पण समोर चार माणसं बसली की हा उठून गोठ्यात जायचा. बैल सवाल विचारत नाहीत, माणसं विचारतात, हीच त्याची तक्रार. आणि नेमका हाच माणूस १९७४ साली बापामागून तांड्याचा नायक झाला. बापाचं पागोटं याच्या डोक्याला मोठं होत होतं, ते कानावर टेकायचं.

पागोटं बांधताना म्हाताऱ्यांनी बजावलं होतं, "श्रावणातल्या तिजेपर्यंत पाहतो. न्हाई जमलं तर लखमा हाये." लखमा म्हणजे फुलसिंगाचा चुलतभाऊ. तो त्या दिवसापासून रोज दाढी करू लागला.

फुलसिंगाने मनावर घेतलं. नायकी शिकायची, आणि ज्यांना जमली त्यांनाच विचारायचं. तो एसटीत बसून आधी कनेरगाव नाक्याला गेला. तिथे किशनराव सरपंच चौदा वर्षं खुर्ची धरून होते. ढाब्याच्या बाजेवर पाय पसरून, फुलसिंगानेच मागवलेली भजी खात ते म्हणाले, "होकार आज द्यायचा न्हाई. 'पाहू' म्हणायचं. 'पाहू'वर माणूस वरीस काढतं." फुलसिंगाला हे फार पटलं. एवढ्याशा शब्दात काम भागत होतं.

मग सेनगावला पुनमचंद. सोसायटीचे तीनदा चेअरमन. त्यांनी याला दुपारभर ओट्यावर बसवून ठेवलं आणि शेवटी बाहेर येऊन विचारलं, "माझी वाट पाहून राहिला होतास का न्हाई? तोच धडा. बराबर वेळेला येतो त्याला लोक नोकर समजतात."

तिसरे हिंगोलीचे अमृतराव, हमालांचे पुढारी. त्यांच्या एका शब्दावर सगळा अडत बाजार थांबायचा. फुलसिंग गेला तेव्हा ते स्वतः तुरीच्या पोत्याशी झटत होते. "बोलू, दादा. आधी हे उचलू लागा." पोतं गाडीत पडल्यावर म्हणाले, "पयलं पोतं आपण उचलावं. मंग बोलावं."

"बस, येवढंच?"

"मंग काय, जेऊ घालू?"

फुलसिंगाची पाठ दोन दिवस धरली. या माणसाला पुढारपणातलं काही कळत नाही, असं त्याने बायकोला, नीलाबाईला, सांगितलं.

श्रावण आला. तिजेची रीत अशी की तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी नायकाची परवानगी मागतात, वारुळाची माती टोपल्यांत भरून गहू पेरतात आणि नऊ दिवस पाणी घालून त्याभोवती नाचतात. टोपल्या नायकाच्याच दारात ठेवायच्या. आजवर कुठल्या नायकाने नाही म्हटलं नव्हतं, म्हणून पोरींनी गहू आधीच भिजत घातले आणि मग विचारायला आल्या. पुढे मिरा होती. सतरा वर्षांची, तोंडाने तांड्यात अव्वल.

"नायककाका, तीज पेरायची म्हणतो. परवानगी द्या."

फुलसिंगाने पागोटं सावरलं. "पाहू."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. "काय पाहू?"

एवढं किशनरावांनी शिकवलं नव्हतं. "उद्या या," तो म्हणाला आणि घरात शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी पुन्हा दारात. गव्हाला मोड फुटू लागलेले. नायकाचा पत्ता नाही. नीलाबाई शोधत शोधत गोठ्यात गेली तर नायक गव्हाणीमागे उकिडवा बसलेला.

"अवं, इथं काय करून राहिले?"

"उशीर करून राहिलो."

"काहून?"

"त्यानं वजन वाढतं."

नीलाबाईने कपाळाला हात लावला. "वजन वाढू द्या. पोरींना लखमानं त्याच्या दारी बलावून नेलं."

लखमाच्या दारात टोपल्या बसल्या की नायकी त्याच्याकडे गेली, हे तांड्यातल्या कुत्र्यालाही कळत होतं. बापाचं पागोटं एका श्रावणात घालवलं! त्याला रडू येऊ लागलं. काय करावं सुचेना, आणि सुचेना तेव्हा त्याला धरलेली पाठ आणि अमृतरावांचं पोतं आठवलं. त्याने टोपली-कुदळ उचलली आणि थेट वारूळ गाठलं.

वारुळात मुंग्या आपल्या घरी होत्या. फुलसिंग लखमाच्या अंगणात पोचला तो डोक्यावर मातीची टोपली, अंगात मुंग्या, आणि एका पायावर नाचत. लखमा नवं धोतर नेसून बाजेवर बसला होता. "पेरा की, पोरीहो, म्या कवाच व्हय म्हटलं," असं तो चौथ्यांदा म्हणत होता. माती आणायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. पोरी भिजलेले गहू घेऊन तशाच उभ्या.

"माती आणली," फुलसिंग धापा टाकत म्हणाला. "नायकी मला जमत न्हाई, पोरीहो. कुठं पेरायचं ते तुमी पहा. पण गव्हाला तकलीफ नको."

पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मिराने मात्र डोळे पुसले, त्याच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली आणि नीट उभी राहिली.

"नायककाका, लखमाकाका न मागता देऊन राहिले. आमी त्यांना मागितलंच न्हाई. आमी मागतो तुमाला. तुमी फकस्त व्हय म्हणा, बाकी आमी पाहू."

"व्हय!" फुलसिंग एवढ्या जोरात ओरडला की पलीकडच्या गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.

टोपल्या त्याच्याच दारात बसल्या आणि त्या वर्षी गहू वीतभर आला. लखमाने दाढी सोडून दिली. फुलसिंग पुढे वीस वर्षं नायक होता. एकच खोड लागली, कोणी तोंड उघडायच्या आत 'व्हय' म्हणायची. एकदा असाच तांड्यातला मोहनसिंग दारात आला, फुलसिंग 'व्हय' म्हणाला, आणि मग कळलं की तो याचा लाडका खिल्लारी बैल पोरीच्या लग्नात आहेर म्हणून मागायला आला होता. फुलसिंगाने आधी वैरणीचा भारा डोक्यावर घेतला आणि बैलाला स्वतःच त्याच्या घरी सोडून आला. वाटेत फार रडला म्हणतात.