उकिरड्यावर ओतलेलं ताक
बजाजनगरात मोकळ्या प्लॉटवर कुणी गोवऱ्या थापत असलं, की ओल्या शेणाच्या वासानं मला पाचोडचं आमचं अंगण आठवतं. धाकट्या भावाचं पोट सारखं दुखायचं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, आणि आईचा संशय शेजारच्या काकूंवर. काकू रोज तांब्याभर ताक आणून द्यायच्या. आई ते हसून घ्यायची आणि त्यांची पाठ वळली की उकिरड्यावर ओतायची. "तिची नजर लई वाईट हाय," म्हणायची, आणि मग मीही काकूंवर पाळत ठेवायचे. एकदा वासराला हगवण लागली म्हणून जनावरांचे डॉक्टर आले. "जंत झालेत," म्हणाले, आणि भावाकडं बघून त्यांनी विचारलं, "शेणात हात कोण घालतं? पोराला कोण भरवतं?" दोन्ही कामं माझीच. गोवऱ्या थापता थापता परकराला हात पुसून मी त्याला शेंगदाणे भरवायचे. "मग ह्याच्याबी पोटात तेच असंल. शेणातून हाताला, हातातून तोंडात. दवाखान्यात दाखवा," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात काकू ताक घेऊन आल्या. आईनं खाली मान घालून तांब्या घेतला आणि त्यांच्यासमोर उभ्याउभ्याच ताक प्याली. मी हात पाठीमागं लपवले. तो वास आला, की ते अजूनही आपोआप पाठीमागं जातात.