घरटी एक माणूस

माझ्या आत्याशी मी शेवटचं बोललो, ते धादांत खोटं बोललो.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आजही लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

मी रोह्याला कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवतो. गेम थिअरी माझ्या विशेष आवडीची. आत्या वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या आमच्या गावी राहायची. आईबाबा गेल्यावर घर, भातशेती आणि मी, तिघांनाही तिनेच सांभाळलं.

गावात शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध आहे. उधाणात तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून बांध फुटला की घरटी एक माणूस चिखलात उतरतो. याला आमच्याकडे जोळ म्हणतात.

वर्गात मी दरवर्षी हेच उदाहरण द्यायचो. बांध सगळ्यांचा, कंबर मात्र ज्याची त्याची मोडते. मग शहाणा माणूस काय करेल? घरी बसेल. बाकीचे बांधतीलच की! याला म्हणायचं फ्री रायडर.

एकदा मोठ्या ऐटीत हे आत्यालाही समजावलं. ती वाल सोलत होती.

"मंग तो शानपती दुसऱ्या दिवशी गावात फिरतो कसा रं?"

"ते मॉडेलमध्ये धरत नाहीत आत्या."

"मंग चुलीत घाल तुझं मॉडेल!"

खूप हसलो होतो दोघं.

गेल्या वर्षी एका सकाळी तिचा फोन आला. "बांध फुटलाय. माझं गुडघं चालत नाय. येतोस काय?"

मी म्हटलं, "आज कॉलेजात मीटिंग आहे गं."

रविवार होता. मीटिंग कसली डोंबलाची! चहाचा कप हातात घेऊन सोफ्यावर बसलो होतो मी. गावात चाळीस-पन्नास घरं, माझ्या एकट्यावाचून काय अडणार होतं?

रविवारी कॉलेज बंद असतं हे तिला काय माहीत नव्हतं?

तरी ती एवढंच म्हणाली, "बरं. जेव वेळेवर."

आठवड्याभरात ती गेली. हार्ट अटॅक.

दहाव्याला शेजारच्या महादूकाकांना भीतभीत विचारलं, त्या दिवशी बांधावर आमच्या घरचं कोण होतं?

"तुझी आत्याच की. गुडघाभर चिखलात उभी राहून मातीच्या पाट्या पुढं देत होती. आमी म्हटलं, गो बाय, जा घरी, एक घर नसलं तर चालंल. ऐकते कुठं!"

काका पुढे सांगू लागले.

"म्हणाली, माझा पोर कवाच निघालाय. वडखळला बाईक बंद पडली त्याची. तो येईस्तोवर मी उभी राहते."

काका माझ्याकडे बघत होते.

"मंग? झाली काय रं बाईक नीट?"

मी "हो" म्हटलं.

वर्षभर तो "हो" मी मागे घेतलेला नाही. काका, बाईकला काहीही झालं नव्हतं. मी निघालोच नव्हतो. गावातलं कोणी हे वाचत असेल तर काकांना वाचून दाखवा.

आत्या, तू झाकलंस, मी आज उघडं केलं. रागावू नकोस.

तुझ्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवतो गो.