पुस्तकात नसलेली गिरणी

"ब्लॉग बंद करा," माझ्या लेखांचं पुस्तक काढणारे पुण्याचे प्रकाशक फोनवर म्हणाले. "फुकट मिळतंय ते विकत कोण घेईल?" मी अक्कल गहाण ठेवली आणि जालन्यात बसून इतकी वर्षं लिहिलेलं सगळं त्याच दिवशी पुसून टाकलं. टेंभुर्णीच्या मावशीला मात्र आनंदानं कळवलं, की तुझ्या पिठाच्या गिरणीवरचा लेख आता पुस्तकात येणार. ब्लॉगवर लोकांनी सगळ्यात जास्त वाचलेला लेख तोच.

पुस्तकं आली, आणि तोच लेख गायब! मला न विचारता काढलेला. फोन केला तर म्हणाले, "फार गावाकडचा होता हो, इकडच्या वाचकाला काय कळणार?" जसं काही तिकडं लोक भाकरी-पोळी खातच नाहीत.

पुस्तक घेऊन टेंभुर्णीला गेले. मावशीनं गिरणी थांबवली, पिठाचे हात धुतले, पुस्तकाला हळदीकुंकू लावलं आणि ते माझ्या हातात दिलं. "माझं वाच." दळणाला आलेल्या बायाही डबे खाली ठेवून ऐकायला बसल्या.

मला सांगावंच लागलं.

मावशी कुंकू लावलेल्या पुस्तकाकडं बघत राहिली. "मंग आधी सांगायचं न्हाई का? मी साऱ्या गावाला सांगून बसले."