अक्कांना सगळं माहीत असतं

माझ्या नणंदबाईंना माहीत नाही अशी एकही गोष्ट या जगात नाही. अडचण एवढीच, की त्यांना जे माहीत असतं त्यातलं निम्म्याहून जास्त खरं नसतं. त्यांची सारी नोकरी बेंगळुरूच्या रेल्वे स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे गेली. काचेतल्या अर्धगोल भोकाशी माणूस तोंड न्यायचा आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या हातात उत्तर पडायचं, कानडीत, हिंदीत, तेलुगूत, समोरच्याला जमेल त्या भाषेत. निवृत्त झाल्यावर खिडकी स्टेशनातच राहिली, पण सवय त्या घरी घेऊन आल्या. गाड्यांच्या बाबतीत त्या कधी चुकल्या नसतीलही. ग्रह, प्राणी, औषधं, विजेची उपकरणं आणि दुसऱ्यांच्या घरातली लग्नं यांच्या बाबतीत मात्र त्यांची खात्री जितकी पक्की, तितकी माहिती कच्ची असे.

नात्यानं त्या माझ्या मुलांच्या आत्या. पण माझ्या सासरचं घर पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूच्या टोकाला येलहंक्यातलं, कानडीत मुरलेलं, तिथे थोरल्या बहिणीला ताई म्हणत नाहीत, अक्का म्हणतात. त्यामुळे माझ्या नवऱ्याची, मिलिंदची अक्का तीच माझी अक्का आणि मुलांचीही अक्काच. मी नागपूरची, नोकरीसाठी इकडे आलेली. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा नवी सून म्हणून जरा दबकतच मी विचारलं, "अक्का, हात कुठे धु..." "उजवीकडे. टॉवेल खिळ्याला आहे. साबण स्वल्प जास्त लाव, बोअरचं पाणी, फेस येत नाही," असं सांगून त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या मिलिंदकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाल्या, "हं, पुढचे."

फोनवरही त्या मागे रांग लागल्यासारख्या बोलत. स्वतःचं सांगून झालं की "सरी", म्हणजे बरं, म्हणून ठेवून देत, समोरच्याचं बोलणं घशातच राही. सासूबाई गेल्या तेव्हा मिलिंद अजून शाळेतही जात नव्हता, अक्कांनीच त्याला वाढवलं. त्या त्याला पुट्टा म्हणत. कानडीत लहानग्याला म्हणतात तसं, आणि तो चाळिशीला आला, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी पुट्टाच. या सगळ्यात लग्न करायचं राहून गेलं का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "स्थळं आली होती," त्या शेंगा सोलत म्हणाल्या, "सगळी मंद होती."

दर रविवारी त्या येलहंक्याहून बस बदलत आमच्याकडे सर्जापूर रोडला यायच्या. बेळ्ळंदूरला बस अडकून पडली की सगळे वैतागत, अक्का मात्र तोवर शेजारणीच्या मुलीचं लग्न, पुढच्या सीटवरच्या माणसाची पाठदुखी आणि कंडक्टरच्या बदलीचा प्रश्न निकालात काढून उतरत. पिशवीत कोडबळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांचा, डबा असे. आणि दारात आमची दोन मुलं दबा धरून बसलेली असत. थोरली रेवा तेव्हा तिसरीत आणि निशू चार वर्षांचा. प्रश्न विचारणाऱ्या मुलांना असं गिऱ्हाईक कुठे मिळणार? मी आणि मिलिंद "नंतर सांगतो", "गूगल करून बघू" असं म्हणत वेळ मारून न्यायचो. अक्का कधीच वेळ मारून नेत नसत.

एकदा निशूनं विचारलं, लिफ्टला वर कोण ढकलतं. "तळघरात एक माणूस असतो," अक्का म्हणाल्या. निशूला त्या माणसाची दया आली. त्यानं लिफ्टमध्ये शिरलं की जमिनीकडे तोंड करून "थँक्यू अंकल" म्हणायला सुरुवात केली, मग कोपऱ्यात त्याच्यासाठी बिस्किट ठेवायला. महिनाभरात बिल्डिंगमधली झाडून सगळी मुलं लिफ्टच्या जमिनीचे आभार मानू लागली, आणि वॉचमन आमच्या दारात येऊन म्हणाला, मॅडम, लिफ्टमें चींटी हो गया है. मिलिंद हसून हसून सोफ्यावरून खाली सरकला. "अक्का, अगं खोटं कशाला सांगतेस त्याला?" "खोटं कुठे? सोपं करून सांगितलं," अक्का म्हणाल्या. दुसऱ्या एका रविवारी रेवाला शाळेनं विचारलेलं, बेळ्ळंदूरच्या तळ्याला फेस का येतो. अक्कांनी सांगितलं, गावभरच्या बायका कपड्याला साबण फार लावतात म्हणून. रेवानं तसंच लिहिलं. बाईंनी बरोबरची खूण करून खाली शाबास लिहिलं. या एका उत्तराच्या जोरावर अक्कांनी पुढे वर्षभर काय वाटेल ते सांगितलं.

मग एका मंगळवारी दुपारी मिलिंद ऑफिसात मीटिंगमधून उठला, पाणी प्यायला म्हणून गेला, आणि तिथेच पडला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर माझीच वाट बघत बाहेर उभे होते.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. नागपूरहून आई-वडील आले. ऑफिसमधले लोक, बिल्डिंगमधले लोक, चपलांचा ढीग, कुणीतरी आणलेल्या इडल्या. रेवाला कुणी काही सांगावं लागलं नाही, ती एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. निशू मात्र माणसामाणसाला विचारत फिरत होता, बाबा कधी येणार. शेजारीण म्हणाली, बाबा कामाला लांब गेलाय. माझी आई म्हणाली, देवबाप्पाकडे गेला. आणखी कुणी खिडकीतून आभाळ दाखवलं. निशूनं प्रत्येकाला पुढचा प्रश्न विचारला: मग परत कधी? आणि प्रत्येकानं म्हटलं, येईल हं, राजा.

अक्का हे सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या, निशूला उचलून ओट्यावर बसवलं आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "पुट्टा, तुझा बाबा मेला. त्याचं शरीर बंद पडलं. तो परत येणार नाही."

"उद्या?"

"उद्या नाही. कधीच नाही."

माझी आई संतापली. "लेकराला असं सांगतात का कोणी?" अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "गाडी रद्द झाली असेल तर रद्द म्हणून सांगायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "उशिरा येतेय म्हटलं की लोक सामान धरून फलाटावर बसून राहतात. लहान पोरं घेऊन बसतात. मी पाहिलंय."

निशू बराच वेळ ओट्यावर पाय हलवत बसला. मग रडला, अक्कांच्या खांद्यावर झोपला, आणि उठल्यावर दाराशी जाऊन उभा राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो गंभीरपणे सांगू लागला, "आमचा बाबा मेला. कधीच येणार नाही. तुम्ही आत या, चहा आहे." मिलिंदचे साहेब, सहा फुटी माणूस, ते ऐकून दारातच खाली बसले, आणि निशूनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तेव्हा हसले, आणि हसताना जे रडू फुटलं ते थांबेना.

सगळे गेले, अक्का राहिल्या. कुणी थांबा म्हटलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. मुलांच्या खोलीत चटई टाकली, स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनासारखे लावले, आणि मला कामावर पाठवलं. निशूच्या तोंडी त्यांची भाषा बसली, दूध संपवलं की तो पेला पालथा घालून "आयतु", झालं, म्हणू लागला. पण रेवा गप्प झाली होती. शाळेत जायची, अभ्यास करायची, सांगितलेलं सगळं ऐकायची, आणि काहीही विचारायची नाही. एक प्रश्न नाही. माझ्या लक्षात यायच्या आधी ते अक्कांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी आपल्या परीनं उपाय सुरू केला. जेवताना त्या एकदम म्हणायच्या, "शनी हा सूर्याला अगदी चिकटून आहे." रेवा पोळीचा तुकडा मोडायची. "देवमासा अंडी घालतो, झाडावर." रेवा पाणी प्यायची. "नागपूरला समुद्र आहे," असंही एकदा त्या म्हणाल्या, तेव्हा मीच बोलणार होते, पण त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. निशू मात्र प्रत्येक गोष्ट खरी धरून चालला होता. शाळेत त्यानं नागपूरच्या लाटांचं चित्र काढलं, वाळूत आजोबा उभे. अक्का रोज नवं काही शोधून आणत. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. खिडकीसमोर रांगच नसली तर त्यांनी काय करायचं?

एका शनिवारी दुपारी त्यांनी तोंडल्याची भाजी केली. ताटात वाढता वाढता म्हणाल्या, "तुझ्या बाबाचा जीव होता तोंडल्यांवर. रोज केली तरी हवी असायची."

रेवानं मान वर केली. "खोटं आहे."

"खोटं कसं? मी वाढवलाय त्याला."

"बाबाला तोंडली आवडायची नाहीत. अजिबात नाहीत. आई फोनवर असली की तो हळूच माझ्या ताटात टाकायचा आणि मी निशूच्या ताटात टाकायचे." तिचा आवाज चढत गेला. "तुला काहीच माहीत नाही. त्या भाजीतली डाळसुद्धा तो वेगळी काढून ठेवायचा. तो गाडीत मोठ्यानं गायचा, तुला माहितीये? तो मला पोहायला शिकवणार होता." आणि मग ती रडू लागली, भांडल्यासारखी, हातात चमचा धरून, आणि रडता रडता सांगत राहिली, बाबाचं हे, बाबाचं ते. अक्का मध्ये मध्ये मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायच्या, रेवा ते दुरुस्त करायची. भाजी निवून गेली. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तोंडल्यांचं तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? "लहानपणी खिशात भरून न्यायचा आणि गल्लीत फेकायचा," अक्का म्हणाल्या. "त्याची चड्डी मीच धुवायची की."

शाळेचं वर्ष संपत आलं तसा नागपूरहून रोज फोन येऊ लागला. "तू तिथं एकटी काय करून राहिली?" वडील विचारायचे. "इथं आम्ही आहोत. घर आहे. पोरांना घेऊन ये." त्यांचं चुकत नव्हतं. मी बरेच दिवस मनात घोळवलं आणि अखेर अक्कांनाच विचारलं. "जा," त्या लगेच म्हणाल्या. "आई आहे तुझी. आईजवळ असलेलं बरं." कोथिंबीर निवडत होत्या, ती निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या साड्या घड्या करून बॅगेत भरायला घेतल्या. निशू बॅगेवर जाऊन बसला. "तू कुठे चाललीस?"

"येलहंक्याला. माझं घर आहे ना तिथे."

"परत कधी येणार?"

अक्कांनी हातातली साडी खाली ठेवली. बाथरूममध्ये गेल्या, नळ मोठा सोडला. भाऊ गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, फक्त ऐकलं. नळाच्या आवाजाला ते झाकता येत नव्हतं. रेवा येऊन माझा हात धरून उभी राहिली. निशूला वाटलं आपलंच काही चुकलं, तो बॅगेवरून उतरला. मी गॅलरीत जाऊन वडिलांना फोन केला आणि म्हटलं, आम्ही नाही येत. ते म्हणाले, "बरं. सुट्टीत तरी पाठव पोरांना."

अक्का त्यानंतरही दोन वर्षं आमच्याकडे राहिल्या. मुलं शाळेतून येऊन आपलं आपण कुलूप उघडू लागली, निशू आपल्या हातानं दूध गरम करू लागला, तशा एक दिवस "सरी" म्हणून पिशवी उचलून येलहंक्याला गेल्या. आता रविवारी आम्ही तिकडे जातो. त्यांचे गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रश्न एक आणि उत्तर भलत्याचंच असंही होतं. जवळच्या हवाई दलाच्या तळावरची लढाऊ विमानं घरावरून गेली की कानावर हात ठेवायचे असतात, नाहीतर दात हलतात, हे आमच्या निशूला ठाम माहीत आहे.

गेल्या रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात कुकर लावत होते. मुलं पुढच्या ओसरीवर अक्कांपाशी होती. निशूनं मोठ्यानं, त्यांना ऐकू जावं म्हणून, विचारलं, "अक्का, बाबाचा आवाज कसा होता? मला आठवतच नाही."

"माझ्या फोनमध्ये व्हिडिओ आहे की," रेवा म्हणाली.

"त्यातला नको. घरातला."

अक्का खुर्चीतून उठल्याचा आवाज आला, चपला घातल्याचा, आणि मग फाटक उघडून बंद झाल्याचा. मला वाटलं दुकानात चालल्या. मी डाळ निथळत ठेवली. फाटक पुन्हा वाजलं, पायरीवर चपला एकामागून एक आपटल्या, आणि दारातून हाक आली, जरा घोगरी, शेवटी वर जाणारी, दिवसभर काम करून थकल्यासारखी आणि घरी आल्याचा आनंद न लपवणारी, "अगं, कोणी आहे का घरात? पाणी दे बघू."

"आले," मी म्हणाले, आणि पेला भरून दारापर्यंत गेले.

दारात अक्का उभ्या होत्या. त्यांनी पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. निशू माझ्याकडे बघत होता.

"असाच होता?"

"असाच," मी म्हटलं.

त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं. अक्का पुन्हा चपला घालून फाटकाबाहेर गेल्या.