पाण्यातली माणसं काढणारा भुजंग

भुजंगच्या घरी लग्नपत्रिका येत नाहीत. गावात कुणाचं लग्न निघालं की पत्रिका वाटणारा माणूस त्याच्या दारासमोरून जरा घाईनं पुढं सरकतो, आणि भुजंगची बायको तुळजा उंबऱ्यात उभी राहून ते बघते. भांडण कुणाशी नाही. भुजंग निर्व्यसनी, तोंडाचा गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोष एवढाच की अहमदपूर-जळकोटच्या पट्ट्यात कुणी विहिरीत, तलावात, शेततळ्यात बुडून मेलं की ते प्रेत भुजंग काढतो.

हे काम त्यानं मागून घेतलं नव्हतं. बावीस वर्षांचा होता तेव्हा शेजारचा माणूस विहिरीत गेला. काठावर पन्नास पोहणारे उभे, आणि पन्नासही जण एकमेकांकडं बघत. भुजंगनं सदरा काढला आणि उडी मारली. प्रेत घेऊन वर आला तेव्हा गावानं त्याला नारळ दिला, नवा टॉवेल दिला, आणि चहा मात्र कान तुटलेल्या कपात दिला. तो कप कुणी परत घेतला नाही. झालं, शिक्का बसला. आज पोलीस पाटलापासून फौजदारापर्यंत सगळ्यांकडं त्याचा नंबर आहे. फोन आला की तो जातो, काम करून येतो, दारातल्या दगडावर अंघोळ करतो आणि मगच उंबरा ओलांडतो. नाही म्हणायची सोय नसते, कारण काठावर कुणाची तरी आई बसलेली असते. तिच्यासमोर नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय, आणि लोकांना हे पक्कं ठाऊक आहे. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय.

अहमदपूरच्या अलीकडं तलावाच्या काठी उद्यान झालं, तेव्हा भुजंगला वाटलं, सुटलो. पायडलच्या बोटी, बनाना बोट, लहान मुलांसाठी उथळ पाण्याचा बांधून काढलेला भाग, आणि त्या सगळ्यावर नजर ठेवायला एक जीवरक्षक. त्यानं अर्ज केला, परीक्षा दिली, छाती दाबून श्वास कसा द्यायचा ते रबरी बाहुल्यावर करून दाखवलं. पिवळा टी-शर्ट मिळाला. पहिल्या दिवशी तो घालून आरशासमोर एवढा वेळ उभा राहिला, की तुळजा म्हणाली, "नवरदेव हाव का आता?"

तो कामाला लागला आणि कडक झाला. लाइफ जॅकेट घातलं की खांद्याला धरून वर उचलून बघायचा. जॅकेट कानाशी आलं तर पट्टा पुन्हा आवळायचा. सेल्फीसाठी जॅकेट काढणाऱ्या पाहुण्यांची बोट तो शिट्टी मारून परत बोलावायचा. लोक चिडायचे. "आमी काय बुडून राहिलो का?" असं एकानं विचारलं तेव्हा भुजंग म्हणाला, "बुडणारा सांगून बुडत न्हाई, साहेब."

मग रविवारचा पोहण्याचा वर्ग सुरू झाला. आठ ते बारा वर्षांची अकरा मुलं, कमरेएवढं पाणी. भुजंग त्यांना हातपाय मारायला शिकवतच नसे. आधी पाठीवर पडायचं, कान पाण्यात, डोळे आभाळाकडं, पोट वर. "पाणी आपल्याला धरतंय," तो सांगायचा, "आपुन धडपडलो की त्ये सोडतंय." मुलं त्याच्या तळहातावर पाठ टेकून तरंगायची. वीस वर्षं ज्या हातांत गार, जड अंगं आली, त्या हातांवर ही गरम, गुदगुल्या झाल्या की खिदळणारी अंगं. भुजंगला भरून यायचं. तो तोंडावर पाणी मारून घ्यायचा, म्हणजे कुणाला कळत नसे.

पण लोकांची जीभ कुठं गप्प बसते? भुजंग प्रेतं काढतो हे एका आईला कळलं, तिनं दुसरीला सांगितलं. उद्यानाचे व्यवस्थापक दयानंद सर माणूस वाईट नव्हते, पण लातूरहून रोज मालकाचा फोन घेऊन घेऊन घाबरट झाले होते. त्यांनी भुजंगला ऑफिसात बोलावलं.

"भुजंग, परवा जळकोटला प्रेत काढलंस?"

"हाव."

"आणि आज त्याच हातानं पोरांना धरतोस. पालक बोलून राहिले. हे बघ, तू लाखात एक आहेस, पण दोन्ही चालणार नाही. ते फोन बंद कर. वर्ग ठेवायचा का ते काम ठेवायचं, तू ठरव."

इकडं आड, तिकडं विहीर ही म्हण करणारा भुजंगच्याच गावचा असावा. भुजंगनं त्या रात्री विचार केला आणि सकाळी शब्द दिला. तुळजाला म्हणाला, "आता जित्यांतच ऱ्हायचं." तिनं दारातल्या दगडावर तुळशीची कुंडी आणून ठेवली.

तीन रविवार सुखात गेले. फोन येत, आणि तो उचलत नसे. मग रात्री झोप लागत नसे. बंद करायला मात्र त्याचा हात धजला नाही. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो गळ्यात अडकवत असे.

चौथ्या रविवारी मुलं पाण्यात होती आणि फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. चौथ्यांदा वाजला तेव्हा काठावरच्या पालकांनी माना वळवल्या. एकदाचं तोंडावर नाही म्हणून टाकावं म्हणून भुजंगनं शिट्टी मारली, मुलांना पायऱ्यांवर बसवलं, अकरा डोकी मोजली आणि फोन उचलला.

"भुजंगराव, मी लिंबाजी बोलतोय, वाडीचा. लवकर या. सून गेली आमची शेततळ्यात. मोटर चालू करायला गेली आन् घसरली. निसती साडी दिसून राहिली पाण्यावर."

"मी त्ये काम सोडलंय, लिंबाजीभाऊ. दुसऱ्याला बगा." आणि मग सवयीनं त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे तो वीस वर्षं प्रत्येक फोनवर सांगत आला होता. "घाई करू नका. पाण्यातलं कुठं जात न्हाई."

पलीकडं एकदम गलका झाला. "थांबा! थांबा हो! हात हलला! पायपाला धरलं तिनं! जिती हाय, भुजंगराव, शिल्पा जिती हाय!"

वाडी बारा किलोमीटर. गाडी कितीही पळवली तरी वीस मिनिटं. आणि शेततळं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. चारी बाजूंनी उतार, उतारावर काळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. भलेभले पोहणारे त्यात मरतात, कारण बाहेर यायला पाय कुठं रोवताच येत नाही.

"कुणी उतरू नका!" तो ओरडला. पायऱ्यांवरची मुलं दचकली.

"माझा पोरगा उतरून राहिला हो..."

"धरा त्याला! बांधून घाला! उतरला तर दोन जातील! रिकामा कॅन हाय का? फवारणीचा, तेलाचा, कसला बी? बूच घट्ट लावा, दोरी बांधा. तिच्या अंगावर टाकू नका, तिच्या पल्याड टाका आन् ओढत तिच्यापाशी आणा."

"टाकला... धरंना ती. लई घाबरलीय."

"तिला सांगा, पाठीवर पड. आभाळाकडं बग. कॅन छातीशी धर. तुमी ओरडू नका, हळू सांगा. तिच्या नवऱ्याला सांगायला लावा."

मग फोनमधून फक्त एका तरण्या माणसाचा आवाज येत राहिला. शिल्पा, वर बग. शिल्पा, माझ्याकडं न्हाई, वर बग. काठावर पालक उठून उभे राहिले होते. एकीनं आपल्या मुलाचा दंड धरून त्याला पायरीवरून उठवलं. भुजंगला ते दिसत होतं, आणि त्याबद्दल त्याला काहीही करता येत नव्हतं.

"धरला! धरला कॅन!"

"वढू नका अजून. बाज आणा. सुतळीची. दोन पायांना दोर बांधा आन् उतारावर सोडा पाण्यात. तिला सांगा, विणीत हात घाल, पाय घाल, शिडीवानी. मग समदे मिळून वढा."

फोनमधून दोर खरखरल्याचा आवाज, कण्हणं, कुणीतरी देवाचं नाव घेतलेलं. भुजंग कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. बारा किलोमीटरवर एक बाई प्लॅस्टिकवरून घसरत होती आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते. आयुष्यात इतकं अडकल्यासारखं त्याला कधी झालं नव्हतं, खोल विहिरीच्या कपारीतसुद्धा नाही.

"निघाली," लिंबाजी म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "पाणी वकून राहिली, पन हाय. हाय ती."

"दवाखान्यात न्या. आत्ता. ठीक दिसली तरी न्या," भुजंग म्हणाला आणि फोन ठेवला.

दयानंद सर धावत आले होते. पाचसहा पालक त्यांच्याभोवती होते. मुलांना पुसून, कपडे घालून गाड्यांत बसवणं चाललं होतं. सरांचा चेहरा पडला होता. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटत होतं, आणि ते जास्त अवघड होतं.

"बाई वाचली, चांगलं झालं," ते म्हणाले. "पण वर्ग चालू असताना? पोरांसमोर? भुजंग, तो फोन माझ्याकडं दे. माझ्या कपाटात ठेवतो. मी पालकांना समजावतो, पुढच्या रविवारी पुन्हा वर्ग घे. ऐक माझं."

भुजंग पायऱ्या चढून वर आला. अंगातून पाणी गळत होतं. त्याला मागच्या उन्हाळ्यातलं शेततळं आठवलं होतं आणि आता ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. फोन आला तेव्हा तो जेवत होता. घाई करू नका, असं सांगून त्यानं हातातली भाकरी संपवली होती. केवळाबाईचा एकुलता एक लेक त्यानं वर काढला, तेव्हा लेकाच्या नखांत उतारावरचं काळं प्लॅस्टिक भरलेलं होतं. भुजंगनं ते कुणाला दिसायच्या आत धुऊन टाकलं होतं आणि केवळाबाईला सांगितलं होतं, लगेच गेला, तरास झाला न्हाई.

"काय झालं?" सरांनी विचारलं. "बोल की."

"सर, लिंबाजीनं बी मेली म्हणूनच फोन लावला व्हता."

"मग?"

"मग आधीचे फोन..." त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि सरांच्या हातात दिली. "मी घाई करू नका म्हणायचो, सर. त्यातलं कोण कोण जितं व्हतं, मला आता कधीच कळणार न्हाई. हा फोन मला पहिल्या घंटीला उचलावा लागंल."

सर शिट्टी हातात धरून उभे राहिले. भुजंगनं पिवळा टी-शर्ट काढून पिळला, कठड्यावर वाळत घातला, आणि उघड्या अंगानंच गाडीकडं चालायला लागला. फोन त्यानं पिशवीतून काढून हातात धरला होता.