मोठ्या विमानामागची हवा

माझा मित्र दिगंबर स्वतःचं चार आसनांचं विमान चालवतो आणि मी शेजारी बसून फुकटचे सल्ले देतो. त्या दुपारी मोठ्या विमानतळावर उतरताना आमच्या पुढे एक धिप्पाड प्रवासी विमान होतं.

"लाग त्याच्या मागे, रिक्षावाल्यासारखा," मी म्हणालो.

"गप रे. त्यानं मागची हवा घुसळून ठेवलीय. तिच्यात सापडलो तर उलटे होऊ."

समोर तर स्वच्छ, निरागस आकाश. तेवढ्यात कंट्रोल टॉवरवरून सूचना आली, वेग कमी करू नका, मागे दुसरं विमान आहे. दिगंबर पुढच्याच्या वाटेच्या वरून निघाला, तरी त्या हवेची कड लागलीच. डावा पंख एकदम खाली गेला आणि खिडकीत जमीन उभी राहिली. दिगंबरनं दात आवळून विमान सावरलं.

मोठं काही पुढून गेलं की मागच्यांचं असंच होतं. जाणाऱ्याला कळतही नाही. त्याच्या मनात राग असता, तर निदान भांडता तरी आलं असतं.

उतरल्यावर ते विमान शेजारीच उभं होतं. खिडकीतून एक बाई आमच्या खेळण्याएवढ्या विमानाकडे पाहून कौतुकानं हात हलवत होत्या. दिगंबर अजून दोन्ही हातांनी सुकाणू धरून बसला होता, म्हणून दोघांच्या वतीनं मीच हात हलवला.