ठेवायला दिलेली बंदूक

हार्लन क्रोबाकनं आईला पुरलं त्याच दिवशी सख्ख्या भावाचे दोन दात पाडले. कबरीवरची माती अजून ओली होती. धाकटा रसेल मास्कआडून एवढंच म्हणाला होता, "तू मारलंस तिला. तुझ्या त्या प्रचारसभेतून तूच रोग आणलास घरी." हार्लननं त्याचा मास्क ओढून तोडला आणि ठोसा हाणला. रसेलनं फावडं उचललं, ते हार्लनच्या बरगडीत बसलं. पाद्री सोडवायला गेला, त्यालाही प्रसाद मिळाला. शेवटी रक्त थुंकत रसेल म्हणाला, "माझ्या अंगणात पाऊल टाकलंस तर गोळी घालीन."

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात तेव्हा साथीपेक्षा निवडणूकच जास्त पसरली होती. हार्लन पक्का रिपब्लिकन, रसेल डेमोक्रॅट. पूर्वी हेच दोघं एकमेकांच्या पक्षाची टर उडवत एका मचाणावरून हरणं मारायचे. आता मास्क घातला तो त्यांचा, नाही घातला तो आपला. नुसता वेड्यांचा बाजार.

हार्लनची झोप उडाली. त्याच्या गॅरेजात एका गिऱ्हाइकानं 'आई कशानं गेली?' एवढं विचारलं, तर यानं पान्यानं त्याच्या गाडीची काच फोडली. मग बायको, जोनी, त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं एक फॉर्म होता. उदास वाटतं का, मरावंसं वाटतं का. हार्लननं सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली.

"खोटं कशाला लिहिलंस?" जोनीनं गाडीत विचारलं.

"रडतात ते त्यांच्यातले. आपल्यात कुणाला काही होत नाही."

"आणि आईंना झालं ते काय होतं?"

त्यानं डॅशबोर्डवर मूठ आपटली, बोटं सोलून निघाली. रोग खरा म्हटला की आईला आपणच मारलं हेही खरं ठरणार होतं, आणि ते त्याला सोसवत नव्हतं.

हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधीच्या शनिवारी सकाळी तळघरात बंदूक पुसता पुसता त्यानं नळी तोंडात धरली. वर जोनीच्या हातून भांडं पडलं, तेव्हा तो भानावर आला.

त्या खोऱ्यात एक रीत आहे. डोकं ठिकाणावर नसलं की माणूस आपली बंदूक भावाकडे ठेवायला देतो. देणाऱ्यानं बोलायचं नसतं, घेणाऱ्यानं विचारायचं नसतं. खाण बंद पडली तेव्हा बापानं काकाकडे अशीच दिली होती. आधी बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सारून झाडणारा दांडा, काढून खिशात घालायचा, बंदूक द्यायची आणि मग बोल्ट हातावर ठेवायचा. बोल्ट हा बंदुकीचा जीव. तो काढला की उरते लोखंडाची काठी.

हार्लनला दुसरं कुणी सुचलंच नाही. बोल्ट शर्टाच्या खिशात टाकून, बंदूक दोन्ही हातांत आडवी धरून तो रसेलच्या अंगणात शिरला.

रसेल स्वतःची बंदूक घेऊनच दारात आला. "थांब तिथंच, हार्लन."

बोलायचं नसतं, म्हणून हार्लन बोलला नाही. चालत राहिला. असा गाढवपणा त्या खोऱ्यातल्याच लोकांना जमतो.

गोळी मांडीत घुसली. तो बर्फात आडवा झाला आणि त्याच्याभोवती लाल चिखल झाला. रसेलनं धावत येऊन लाथेनं बंदूक उडवली आणि मग त्याला बोल्टची ती रिकामी खाच दिसली. त्यानं कमरेचा पट्टा काढून हार्लनच्या मांडीला करकचून आवळला.

"मूर्खा, बोलायचं ना."

"बोलायचं नसतं," हार्लन म्हणाला. रक्ताळल्या हातानं खिशातला बोल्ट काढून त्यानं भावाच्या हातावर ठेवला. "ठेव. आईला मीच मारलं."

रसेलनं काही विचारलं नाही. बोल्ट खिशात टाकून दोन्ही हातांनी जखम दाबत तो रुग्णवाहिका येईपर्यंत तसाच बसून राहिला.

हार्लन आजही लंगडतो. बंदूक अजून रसेलकडेच आहे. यानं मागितली नाही, त्यानं दिली नाही.